अरणच्या मळ्यातले सावतोबा

(शताब्दी सप्ताहात आषाढ वद्य चतुर्दशीला, संत सावता महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवशी दिंडीच्या वतीनं झालेलं भाषण)



व्यासपीठावरच्या थोर मंडळींना, विणेकऱ्यांना, टाळकऱ्यांना, आणि पंगतीच्या भाकरी अजून उरकल्या नाहीत म्हणून मांडवामागं चुलीपाशीच बसून ऐकणाऱ्या माउल्यांना दिंडीचा दंडवत.

एकादशी होऊन आज अठरा दिवस झाले. पायाचे फोड वाळले, पताका देवळात टेकल्या, आणि शिवारात खुरपणी सुरू झाली. बरोबर अशा वेळी सावता महाराजांची पुण्यतिथी येते. शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५. वय सारं पंचेचाळीस. आपल्या दिंडीत पंचेचाळीसच्या माणसाला अजून 'पोरगं' म्हणतात आणि पाण्याच्या टँकरवर पिटाळतात! त्या वयात सावतोबांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी आळंदीला ज्ञानोबा माउलींनी समाधी घेतली. काय काळ असेल तो!

सप्ताहाचे दिवस वाटून घेताना हा दिवस आम्ही मागून घेतला. काही जणांना नवल वाटलं. शंभर वर्षं चालणाऱ्या दिंडीनं बोलायचं, तर माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावणाऱ्या हैबतबाबांवर बोलावं, तुकोबारायांच्या पादुका घेऊन निघालेल्या नारायणमहाराजांवर बोलावं. जे कधी पंढरीच्या वाटेला लागले नाहीत असं सगळेच सांगतात, त्या सावतोबांवर दिंडीनं काय बोलायचं? पण आम्हाला वाटतं, दिंडीनंच बोलायला पाहिजे. का, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

सावतोबांचं गाव अरण. सोलापूर जिल्हा, माढा तालुका, मोडनिंबच्या जवळ. तिथून पंढरपूर काही काळ्या कोसावर नाही. आजोबा दैवू माळी पंढरीचे वारकरी. वडील परसोबा, आई नांगिताबाई. म्हणजे वारी घरात होतीच. ती सावतोबांना नवी नव्हती आणि नकोशीही नव्हती. बायको जनाई, भेंड गावची. दोन लेकरं. मुलगी नागाताई आणि मुलगा विठ्ठल. पोराचं नावच विठ्ठल म्हटल्यावर जेवायला हाक मारायची तरी विठ्ठल, गुरं वळायला पाठवायचं तरी विठ्ठल, आणि खोडी काढली म्हणून रागवायचं तरी विठ्ठलच. अशा घरात नामाला वेगळा वेळ काढावा लागत नसेल.

एवढा हा संसार, आणि बाहेर मळा. मळ्याचं त्यांना वेड होतं असं म्हटलं तर वावगं होणार नाही. आपल्याकडं शेताला रान म्हणायची पद्धत आहे. 'रानात चाललोय' म्हटलं की कुणी जंगल समजत नाही. कुणी देवासाठी घरदार टाकून रानात गेले, अशा गोष्टी आपण ऐकतो. सावतोबाही रानातच होते; पण ते रान नांगरलेलं होतं, वाफे पाडलेलं होतं, आणि दुपारची भाकरी घेऊन तिथं जनाई येत होती.

त्यांचे सदतीस अभंग आज मिळतात. काशिबा गुरवांनी ते उतरून घेतले म्हणून आपल्यापर्यंत आले. सदतीस म्हणजे काहीच नाही हो! तुकोबांच्या गाथेपुढं ओंजळभर. पण त्या ओंजळीत मळ्याचा वास आहे. आपण माळी, शेताला पाणी देणं हा आपला धर्म, हे ते ताठ मानेनं सांगतात. भाजीपाल्यात विठाई दिसल्याचा त्यांचा अभंग तर लहान लेकरालाही पाठ आहे, म्हणून तो इथं म्हणत नाही. त्यात विहीर येते, मोट येते, नाडा येतो. हे शब्द पोथीतून आलेले नाहीत. ज्याच्या तळहाताला नाड्याचे घट्टे पडलेत, त्याच्या तोंडचे आहेत.

आताच्या पोरांनी मोट पाहिली नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. विहिरीच्या काठावर लाकडी चाक. त्यावरून जाड नाडा, नाड्याला चामड्याची मोट. मोटेच्या खालच्या सोंडेला बारीक दोर, त्याला सोंदूर म्हणायचे. बैल विहिरीपासून उताराच्या वाटेनं पुढं जातात. त्या वाटेचं नाव धाव. मोट भरून वर आली की पाणी थारोळ्यात पडतं, तिथून पाटानं वाफ्याला जातं. मग बैल उलट्या पावलांनी मागं येतात आणि मोट पुन्हा विहिरीत उतरते. वाफ्यापाशी दुसरं माणूस दारं धरून उभं. एक वाफा भिजला की माती ओढून दुसऱ्याचं दार उघडायचं. दिवसभर हेच.

आता एक हिशेब करू. विहीर साठ फूट खोल धरा. धाव साधारण तेवढीच लांब लागते. जाऊन येऊन एकशे वीस फूट. दिवसाच्या दीडशे मोटा धरल्या तर अठरा हजार फूट, म्हणजे साडेपाच किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर दोनशे चाळीस किलोमीटर धरा. चव्वेचाळीस दिवसांत बैलजोडी पंढरीला पोचती! आणि विहिरीपासून साठ फुटांच्या पलीकडं तिनं पाऊल टाकलेलं नसतं. हा हिशेब अरणच्या विहिरीचा नाही, आमचा अंदाजाचा आहे. पण दिवे घाट चढताना आमच्या मनात तो हटकून येतो. मोटेवर गाणं म्हणायची रीत जुनीच आहे. बैल त्या सुरावर चालतात. तिथं सावतोबा काय म्हणत असतील, हे सांगायला महाराज कशाला हवेत?

त्या भाजीच्या अभंगाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रागावू नका. त्यात मिरची येते. आता मिरची आपल्या मुलखातली नाही. पोर्तुगीज लोक समुद्रावरून आले, त्यांच्याबरोबर ती आली. म्हणजे सावतोबांच्या मागं दोनशे वर्षांनी. मग अभंगात ती शिरली कशी? शिकलेली माणसं यावर वाद घालतात. आम्हाला वाटतं, मूळ शब्द वेगळा असेल आणि गाणाऱ्याच्या मळ्यात जे पिकलं ते तोंडात बसलं. कुणी एक शेतकरी मिरचीच्या वाफ्यात उभा राहून हा अभंग म्हणत होता, आणि हिच्यातही हरी आहे की, असं त्याला वाटलं. यात अभंग बाटला असं आम्ही मानत नाही. सावतोबांच्या मळ्यात मागून आलेल्यानं एक रोप लावलं, इतकंच.

जनाईकडं मात्र आपल्या कीर्तनकार मंडळींचं लक्ष कमी जातं. एक कथा सांगतात. एकदा सासुरवाडीचे पाहुणे घरी आले. सावतोबा भजनात गढलेले, त्यांनी पाहुण्यांकडं पाहिलंही नाही. जनाई संतापली. आणि का संतापू नये? माहेरची माणसं दारात, आणि नवरा ओळख दाखवत नाही! सावतोबांनी तिला गोड शब्दांत समजावलं, तिचा राग निवला, इथं कथा संपते. कीर्तनात ही कथा दोन मिनिटांत उरकतात आणि सारा भर सावतोबांच्या वैराग्यावर देतात. आम्हाला त्यातलं समजावणं मोठं वाटतं. तू अज्ञानी, तुला परमार्थ काय कळणार, असं म्हणून त्यांनी बायकोला झिडकारलं नाही. देवाच्या नावावर घरच्या माणसाला तोडून टाकणारे पुष्कळ असतात. हा गृहस्थ भजनातून उठला आणि रुसलेल्या बायकोजवळ जाऊन बसला.

नुसते सावतोबाच कशाला? नामदेवरायांचं घर भरलेलं होतं. गोरोबांचं चाक, नरहरी सोनारांची भट्टी, सेना महाराजांची धोपटी. आपला पंथच चुलीच्या उजेडात वाढलेला आहे.

आता ती मोठी कथा. महिपतीबुवांनी भक्तविजयात ती घातली आहे, आणि गावोगावच्या कीर्तनांत तिला ज्याचे त्याचे फाटे फुटले आहेत. पैठणचे कूर्मदास, हातपाय नसलेले भक्त, लोळत लोळत पंढरीला निघाले. माढ्याकडच्या लऊळला येऊन थकले. त्यांना भेटायला पांडुरंग निघाले, बरोबर ज्ञानोबा आणि नामदेव. वाटेत अरण. देवाला तहान लागली म्हणा, लपाछपी खेळायची लहर आली म्हणा, देव मळ्यात शिरले आणि सावतोबांना म्हणाले, मला लपव. लपवायचं कुठं? उघडा मळा, गुडघ्याएवढी भाजी. सावतोबांनी हातातल्या खुरप्यानं छाती उघडली आणि देवाला आत घेतलं. नामदेव शोधत बसले, व्याकूळ झाले.

कीर्तनात या ठिकाणी रक्ताच्या धारा वाहतात, श्रोते मुसमुसतात. ते आपल्या जागी असू द्या. आमची नजर त्या खुरप्यावर जाते. देव आला तेव्हा हातात टाळ नव्हता, खुरपं होतं. म्हणजे भाजीतलं तण काढायचं काम चालू होतं. देव आल्यावरसुद्धा सावतोबांना दुसरं हत्यार शोधायला घरात जावं लागलं नाही. ज्यानं रोज वाफा साफ करायचा, त्यानंच छाती उघडली. आणि नामदेवांसारखा देवाचा लाडका बांधावर उभा राहून देव कुठं गेला म्हणून रडत होता. तुम्ही-आम्ही चालणाऱ्यांनी ही कथा नामदेवांच्या बाजूनं एकदा ऐकावी.

म्हणूनच अरणची रीत जगावेगळी आहे. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात. सावतोबांची जात नाही. उलट एकादशी आटोपल्यावर पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. श्रीफळ हंडीचा मोठा सोहळा होतो. ज्यानं मळा सोडला नाही त्याच्या बांधावर देव दरवर्षी जातो. शेकडो वर्षांची ही रीत लोकांनी काही उगाच जपलेली नाही.

आता ऐकणारा म्हणेल, मग झालं तर! सावता महाराज वारीला गेले नाहीत, आम्ही तरी का जावं? असं म्हणणारे दरवर्षी वेशीवर भेटतात. पानतंबाखू मळत म्हणतात, 'आम्ही सावता महाराजांच्या पंथातले.' मळा भावानं करायचा, दारं बायकोनं धरायची, आणि हे पारावर. सावतोबांचं नाव घ्यायचं तर आधी तळहात दाखवा, असं आमच्यातलं एक म्हातारं माणूस तोंडावर सांगायचं. ते गेलं. तसं सांगणारं आता कुणी उरलं नाही.

पण खोट एकीकडंच नाही. आपल्या बाजूलाही एक बोलणं कानावर येतं. 'माझ्या तीस वाऱ्या झाल्या.' 'माझ्या चाळीस.' मुक्कामाला राहुटीत पाय चेपत बसलं की हा हिशेब निघतोच. माउली, चाळीस वाऱ्या म्हणजे चाळीस पेरण्या दुसऱ्या कुणीतरी केल्या. नीट पंचांग बघा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउली आळंदीहून निघतात. इकडं मृग लागलेला किंवा सरलेला, आर्द्रा तोंडावर. वाफसा काही पालखीचं वेळापत्रक बघून येत नाही. रात्री पाऊस पडला, दोन दिवस उघडीप मिळाली, की तीच पेरणीची घडी. ती हुकली तर बाजरी गेली, मूग-उडीद गेला. आपण तेव्हा जेजुरीला भंडारा उधळत असतो. त्या दिवशी पाभरीवर कोण होतं? गाभण म्हैस रात्री अडली तेव्हा गोठ्यात कंदील कुणी धरला? पावसानं ओढ दिली आणि मोटारीची लाइट रात्री एक वाजता आली, तेव्हा बॅटरी घेऊन सापाकिरड्यातून कोण गेलं?

एका घरातले दोन भाऊ सांगतो. नाव सांगत नाही, ऐकणाऱ्यांत बरेच ओळखतील. थोरला आपल्या दिंडीचा पताकावाला. धाकटा घरी. निघायच्या दिवशी धाकटा वेशीपर्यंत यायचा, थोरल्याची वळकटी ट्रकात टाकायचा, पाया पडायचा आणि मागं वळून न बघता थेट शेताकडं. एका साली आम्ही म्हणालो, 'आवंदा तुम्ही चला की, आण्णांना राहू द्या.' तर हसून म्हणाला, 'आण्णा ऱ्हाईल वो, पन त्येचं मन ऱ्हायाचं न्हाई. बिनमनाचा मानूस शेतात काय कामाचा?'

थोरला परतला की रात्री ओट्यावर बसून वारी सांगायचा आणि धाकटा ऐकायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. थोरला गेला. पुढच्या वारीला धाकट्यानं भावाची पताका खांद्यावर घेतली. तोवर पोरं हाताशी आली होती. त्याची ती पहिली वारी. आणि काय सांगावं! सासवडला दोन मुक्काम, मग जेजुरी, मग वाल्हे, हे त्याला तोंडपाठ. नीरेच्या काठावर माउलींच्या पादुकांचं स्नान कुठल्या बाजूनं दिसतं, हे त्यानं नव्या पोरांना दाखवलं. चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात कुठं उभं राहायचं, तेही ठाऊक. आमच्यातल्या एकानं विचारलं, 'दाजी, तुम्ही आधी आला होता का?' तर म्हणाला, 'व्हय, दरसाल.'

त्यावर कुणी काही बोललं नाही. टाळ चालू होते म्हणून बरं.

आपल्या सगळ्यांवरही अशी दोन वर्षं येऊन गेली. २०२० आणि २०२१. रोगाची साथ, वाटा बंद. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीत बसून पंढरीला गेल्या, मोजक्या माणसांनिशी. ज्यांच्या घरात पिढ्यांची वारी, ती माणसं ज्येष्ठ वद्य अष्टमीला उंबऱ्यावर बसून होती. पाय आपोआप वळवळत होते. एक माळकरी पहाटे उठून आपल्याच शेताच्या बांधानं फेऱ्या घालायचा आणि फेरीगणिक खडा टाकायचा. वीणा मात्र आपण खाली ठेवली नाही. वार लावले, घरोघर फिरवली, ज्याच्या गळ्यात पडली तो परड्यात, गोठ्यात, लिंबाखाली उभा राहिला. त्या दोन वर्षी अख्खी दिंडी अरणची झाली होती. आणि घरच्या माणसांनी पहिल्यांदा बघितलं की आषाढात हा बाप्या घरी असला तर कसा दिसतो. एका माउलीनं तर आमच्या तोंडावर सांगितलं, 'पेरणीला दोन हात जास्त मिळालं, खोटं कशाला बोलू? पन ह्यांचं तोंड बघवत नव्हतं.'

तिच्या त्या बोलण्यात दोन्ही आलं. तिला तो शेतात हवा होता, आणि तो वारीत असायला हवा असंही वाटत होतं. पुढच्या साली तिनंच दशम्या बांधून दिल्या.

म्हणून दिंडीच्या वतीनं एक मागणं स्मरणग्रंथाच्या समितीपुढं ठेवलं आहे आणि समितीनं ते मानलं आहे. ग्रंथात शंभर वर्षांतल्या विणेकऱ्यांची, टाळकऱ्यांची, पखवाजवाल्यांची, तुळशी आणि हंडा डोक्यावर घेणाऱ्या माउल्यांची यादी जुन्या वह्यांवरून तयार होते आहे. तिच्या पाठोपाठ दुसरी यादी छापायची, मागं राहिलेल्यांची. ती कुठल्या वहीत नाही, ती तुमच्या तोंडात आहे. ज्यानं वारी केली त्यानं, किंवा त्याच्या लेकरानं, आपल्या जागी कुणी शेत सांभाळलं त्याचं नाव द्यायचं. भाऊ असेल, बायको असेल, सून असेल, शेजारचा असेल, सालगडी असेल. सालगड्याचं नाव द्यायला लाजू नका. बायकोचं नाव 'अमक्याची मंडळी' असं लिहून देऊ नका, तिचं स्वतःचं नाव द्या. ज्यांचं नाव आता कुणालाच आठवत नाही, त्यांच्यापुढं नुसतं शेताचं नाव लिहिलं तरी चालेल. चिंचेचा मळा, पांढरीचं रान, ओढ्याकडची पट्टी, जे असेल ते.

वही पखवाजाशेजारी ठेवली आहे. पेन दोरीला बांधलं आहे, नेऊ नका. काल्याच्या कीर्तनापर्यंत नावं घेतली जातील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाळेतली दोन पोरं बसवली आहेत, त्यांना सावकाश सांगा.

आणि मांडवामागच्या माउल्यांनो, तुम्हीही भाकरी झाल्यावर या. तुमच्यातल्या कित्येकींचं नाव दोन्ही याद्यांत येणार आहे.

बोला, पुंडलीक वरदे हारि विठ्ठल!